कापलेलं कडवं

सांगलीहून कुणी संभाजीनगरला जाऊन आलं की त्याला एकच प्रश्न विचारतात, "वेरूळ बघितलं?" मी तीन दिवस राहून आले आणि वेरूळ बघितलं नाही. अजिंठा नाही, पाणचक्की नाही. मकबरा तेवढा गाडीच्या खिडकीतून दिसला, तोही अर्धा, कारण उरलेल्या अर्ध्यावर आमच्या ड्रमरचं डोकं होतं. शेजारच्या काकूंनी कपाळाला हात लावला. "मग इतके दिवस तिथं केलंस तरी काय?" पाणी भरलं, काकू. आणि एक कडवं शिकले. ते कसं, हे तुम्हालाही सांगते.

आधी मी कुणाबरोबर गेले ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल महिला मंडळाची सहल होती. मी शाळेत संगीत शिकवायचे. रिटायर झाले, मग घरात पेटी आणि मी, दोघीच. एके दिवशी माझा जुना विद्यार्थी ईशान दारात उभा. हा मुलगा सातवीत असताना प्रार्थनेला मुद्दाम अर्धा सूर खाली गायचा आणि मी त्याला वर्गाबाहेर काढायचे. आता त्याचा बँड आहे, 'उलटा पिंपळ' नावाचा, आणि त्यांना पेटी हवी होती. "बाई, आम्ही सायकेडेलिक फोक करतो," म्हणाला. म्हणजे काय रे बाबा? "म्हणजे लोकगीत स्वप्नात ऐकू आल्यासारखं." मी म्हटलं, मी स्वप्नातसुद्धा बेसूर खपवून घेत नाही, आधीच सांगून ठेवते.

तर ईशान गातो आणि गिटार वाजवतो. रेवा नावाची गोड पण हट्टी मुलगी बास गिटार वाजवते. ड्रमवर चिन्मय, जो फक्त जेवताना बोलतो. यांच्या पायाशी इतकी बटणं असतात की इलेक्ट्रिशियनच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं. मी एक सूर धरला की तो त्या बटणांतून फिरून सात वेळा परत येतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, मागं कुणी दुसरी बाई पेटी घेऊन बसली आहे. आता सवय झाली. खरं सांगायचं तर आता आवडतंसुद्धा, पण हे त्यांना कळू देऊ नका.

या मुलांचा नवा अल्बम आला, त्याचं नाव 'भोंगा'. त्याच्या प्रचाराला गावोगाव कार्यक्रम लावले होते आणि संभाजीनगरचा कार्यक्रम सगळ्यात महत्त्वाचा, कारण 'भोंगा' हे गाणंच तिथलं. ईशानला पुण्यात जुन्या सामानाच्या ढिगात एक कॅसेट मिळाली होती. वरचा कागद फाटलेला, प्लॅस्टिकवर पेनानं नुसतं 'चिकलठाणा' लिहिलेलं. आत एक पुरुषी आवाज, ढोलकी, पेटी, आणि हे गाणं:

भोंगा झाला बाई, भोंगा झाला,
चुलीवर तवा माझा तसाच राहिला.

कारखान्यात कामाला जाणाऱ्या बाईचं गाणं. दोन वर्षं मुलांनी त्याच्यावर जीव टाकला. गाणं लांबलचक होतं, सहा कडव्यांचं. पाच घेतली, शेवटचं सोडलं आणि त्याच्या जागी चार मिनिटं गिटार गुरगुरत ठेवली. अल्बमवर लिहिलं, 'गीत: पारंपरिक'. शेवटचं कडवं काढा असं कुणी सांगितलं? मी. चाल एकदम बदलते, सूर रेंगाळतो, आणि कवीनं शेवटी आपलं नाव घातलेलं. मी म्हटलं, हे बसत नाही, आणि ऐकणाऱ्याला काय कळणार कोण ही कौसा! असेल कुणी जुन्या काळची. झालं. बाईंनी सांगितलं म्हणजे संपलं.

गुरुवार, चिकलठाणा

नगर सोडलं की हवा बदलते. आमच्याकडं कृष्णाकाठी बारा महिने अंगाला ओल लागते, इथं हवा कोरडी ठणठणीत. त्याचा पहिला फटका माझ्या पेटीला बसला. गाडीतनं काढली आणि भाता दाबला तर तीन पट्ट्या एकदम बोलायला लागल्या, न विचारता. लाकूड आक्रसलं होतं. मी तिथंच पदर खोचून पेटी उघडली. रेवा म्हणाली, "बाई, राहू दे ना, ट्रिपी वाटतंय, स्वप्नातल्यासारखं." मी तिच्याकडं नुसतं बघितलं.

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी सहाला होता, चिकलठाण्याच्या जुन्या औद्योगिक वसाहतीत. पल्लवी नावाच्या एका तिथल्याच मुलीनं बंद पडलेल्या वर्कशॉपची शेड भाड्यानं घेऊन तिचं सभागृह केलंय. वर पत्रा, खाली गुळगुळीत झालेली फरशी, भिंतीवर अजून तेलाचे डाग. तिनं दोन दिवस आधी तालमीला जागा दिली. आणि आवाजाची व्यवस्था बघायला खलीलभाई होते.

खलीलभाई सत्तरीचे. पांढरी दाढी, खिशाला टेस्टर, आणि चप्पल दाराबाहेर काढून साउंडच्या मशीनपाशी बसायची सवय. म्हणाले, "हौ मॅडम, जिथं बसून रोटी खातो तिथं चप्पल नक्को." त्यांचं बोलणं असंच, अर्धं मराठी, अर्धं दखनी, आणि दोन्ही गोड. शहराला ते औरंगाबाद म्हणायचे, पल्लवी संभाजीनगर म्हणायची आणि दोघांचं एकमेकांशी काही अडत नव्हतं. बटणांचा तो पसारा बघून ते ईशानला म्हणाले, "बेटा, इत्ते में तो हमने पूरी शादी वाजवली असती."

तालीम सुरू झाली. आम्ही 'भोंगा' घेतलं. पहिल्या ओळीलाच खलीलभाईंचा हात मशीनवर थांबला. डोळे मिटून ऐकत राहिले, ओठ हलत होते, प्रत्येक शब्द पाठ. मला वाटलं, वा, दाद असावी तर अशी. पाचवं कडवं संपलं, ईशाननं गिटार गुरगुरवायला घेतली, तशी त्यांनी डोळे उघडले आणि सरळ आवाज बंद केला.

"आखरी कडवा किधर गया?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. ईशान म्हणाला, "चाचा, आम्ही पाचच घेतलीत."

"कौसाबाईचं नाव कापलं तुमी?"

"तुम्ही ओळखता त्यांना? आम्हाला वाटलं, पारंपरिक आहे."

"पारंपरिक?" खलीलभाई उठून उभे राहिले. "कारखाने का भोंगा पारंपरिक कबसे हुआ बेटा? या गाण्याची कॅसेट माझ्या मशीनवर भरली, माझ्या हातानं. बाई जिंदा आहे. हितून रिक्षानं दहा मिन्टं, मुकुंदवाडीत."

मी पेटीच्या पट्ट्यांकडं बघत बसले. "कोणी कापलं?" त्यांनी विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत ईशान म्हणाला, "मी कापलं, चाचा."

मी बोलले नाही. आजही त्या क्षणाची लाज वाटते. सातवीत ज्याला बाहेर काढायचे, तो माझ्यासाठी खोटं बोलला आणि मी ते चालवून घेतलं.

गाडीत बसल्यावर ईशाननं ठरवूनच टाकलं. "त्यांना भेटायचं. त्यांनी नको म्हटलं तर गाणं वाजवायचं नाही. अल्बम पण उतरवायचा." रेवाचे डोळे भरले. दोन वर्षांचं काम होतं त्यांचं, आणि पोस्टर गावभर लागलेलं, 'भोंगा' असं हातभर अक्षरांत. चिन्मय तर बोलतच नव्हता, पण त्याचं नेहमीचंच. मी म्हटलं, "उद्या सकाळी मी जाते. रेवाला घेऊन. तू यायचं नाहीस." का, म्हणून त्यानं विचारलं नाही. शहाणा मुलगा आहे.

शुक्रवार, मुकुंदवाडी

जाण्याआधी पोरांना खायचं होतं. इथं लोक सकाळी सकाळी नान खलिया खातात हो! मटणाचा तांबडा रस्सा, वर तेलाचा तवंग, आणि ताटाएवढी पिवळट नान. आमच्याकडं या वेळेला माणूस पोह्यांवर लिंबू पिळत असतो. मी नाक मुरडत एक घास घेतला आणि मग दुसऱ्या नानला नाही म्हणाले नाही. कौसाबाईंपुढं कसं उभं राहायचं ही काळजी असतानाही इतकं खाल्लं गेलं, यावरून काय ते समजा. चिन्मयनं तर सलग अकरा वाक्यं बोलून दाखवली.

मुकुंदवाडीतलं घर शोधायला त्रास झाला नाही. कौसाबाई म्हटल्यावर कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं हातानंच दाखवलं. दोन खोल्यांचं पक्कं घर, दारावर निळा झेंडा, ओट्यावर चार मोठे प्लॅस्टिकचे ड्रम उपडे घातलेले. त्यांची सून अनिता दारात आली. "जयभीम. या, खलीलभाईचा फोन आलाय." आत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्या बाजूला एका माणसाचा फोटो, हातात माइक, डोक्याला फेटा, मिशी अशी की फोटोतून बाहेर येईल.

कौसाबाई पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. बारीक अंग, कपाळ कोरं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी वाकून नमस्कार केला तर पाय मागं घेतले. "पाया नका पडू बाई. बसा. ह्यातला थोडा लसूण सोला, तुमालाही बोलायला सोपं जाईल."

मग काय, मी आणि रेवा लसूण सोलायला बसलो. विमानतळ जवळच, डोक्यावरून विमान गेलं, अगदी खालून, भांडी थरथरली. विमान जाईपर्यंत कुणी बोलायचं नाही आणि गेलं की अर्धं वाक्य पुढं न्यायचं, अशी त्या घराची रीतच दिसली.

मी म्हटलं, "कौसाबाई, तुमचं गाणं आम्ही वाजवलंय..."

"ऐकलंय मी. अनितानं मोबाइलवर लावलं. लई गोड पेटी वाजवली तुमी."

"पण शेवटचं कडवं..."

"व्हय. वाट बघत बसले मी. म्हनलं, आता येईल, आता येईल. आलंच नाय. नुसती घरघर घरघर. अनिताला म्हनलं, मोबाइल बिघडला का बघ."

रेवानं मान खाली घातली. मी सोललेली पाकळी खाली ठेवली आणि सांगून टाकलं, "ते मी काढलं. पोरांचा दोष नाही. मी संगीत शिकवायचे, मला वाटलं मला कळतं. म्हटलं, चालीत बसत नाही."

कौसाबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या भिंतीवरच्या फोटोकडं बोट करून म्हणाल्या, "हे आमचे मालक, दगडू. यांची गायनपार्टी व्हती. लई नाव, पार बिडकीन, पैठण, सोयगावपतुर सुपाऱ्या यायच्या. गानी मी करायचे. कारखान्यात पॅकिंगला व्हते, हात चालायचे अन् डोकं रिकामं. घरी येऊन यांना सांगायचे, हे स्टेजवर म्हणायचे. अन् शेवटाला ज्यानं गानं केलं त्याचं नाव घ्यायची रीत असती. तर हे म्हणायचे, 'दगडू म्हणे'."

"तुमच्या गाण्यात?" रेवा जवळजवळ ओरडलीच.

"माज्या! म्हनलं, अवो, चुलीवर तवा माजा राहिला, अन् म्हणतंय कोण तर दगडू! लोक हसतील. तर म्हनले, हसत नाय कोनी, टाळ्या देतात." त्या स्वतःच हसायला लागल्या. "मानूस सोन्यासारखा व्हता. कधी हात उगारला नाय, दारू नाय. पर स्टेजवर चढला की नाव त्याचंच."

"मग कॅसेटमध्ये तुमचं नाव कसं?"

"त्या दिवशी मी ड्युटी बुडवली. खलीलभाईच्या मशीनीपुढं जाऊन बसले, मांडी घालून. म्हनलं, आज माजं नाव घेतलं नाय तर जेवायला घरी यायचं नाय. मानसाला माजी आमटी लई आवडायची." पुन्हा विमान गेलं. त्या थांबल्या. मग हलकेच म्हणाल्या, "तेवढ्या एका कॅसेटीत मी हाय बगा. दुसरीकडं कुठंच नाय."

आयुष्यभर मुलांच्या वह्यांत लाल पेनानं चुका काढल्या. या बाईचं नाव जगात एकाच ठिकाणी होतं आणि मी ते बरोबर शोधून खोडलं. मला रडू आलं. लसणानं नाही.

तेवढ्यात बाहेर कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं!" आणि अहो, त्या गल्लीत जे काही सुरू झालं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. इथं नळाला रोज पाणी येत नाही. कधी पाच दिवसांनी येतं, कधी आठ. आमच्या सांगलीत पाणी जास्त होतं म्हणून आम्ही देवाला हात जोडतो, नदी घरात येऊ नये म्हणून. इथं लसूण, पाहुणे, रडणं सगळं जागच्या जागी टाकून अनिता धावली, कौसाबाईसुद्धा पलंगावरून उतरल्या. "मास्तरीण, बसता काय? घ्या ती हंडी!"

मी पदर खोचला. चार ड्रम, दोन टाक्या, होते नव्हते ते डबे. नळ गल्लीच्या तोंडाशी, खड्ड्यात, आणि पाइप फुटलेला म्हणून हंडीनंच भरायचं. रेवानं आपली दोन अंगठ्या घातलेली बोटं कळशीत अडकवली आणि बघता बघता पळायला लागली. मी तिसऱ्याच हंडीला धापा टाकायला लागले. कौसाबाई ओट्यावर उभ्या राहून हंडी रिकामी करून घेत होत्या आणि माझी गंमत बघत होत्या.

"मास्तरीण, आता म्हणा ते कडवं."

"आत्ता?"

"आत्ताच. हंडी कमरंवर हाय तवर."

मला शब्द पाठ होते. कापण्याआधी पन्नास वेळा ऐकलं होतं. मी भरलेली हंडी कमरेवर घेतली आणि चालता चालता म्हणायला लागले:

दोन हातांनी उचललं दोन घरांचं ओझं,
कौसा म्हणे बाई, आता गाणं तेवढं माझं.

आणि काय सांगू तुम्हाला! 'उचललं' वर श्वास आपोआप तुटला. 'ओझं' वर सूर रेंगाळला, कारण तिथं पाऊल पडतं आणि पाणी हिंदकळतं. 'गाणं तेवढं' पर्यंत मी ओट्याशी पोचले, हंडी खाली गेली आणि आवाज मोकळा झाला. जे मला चालीत बसत नाही असं वाटलं होतं, ती चाल चालण्याचीच होती. पहिल्या पाच कडव्यांत बाई कामावर धावते आहे. सहाव्यात ती ओझं घेऊन चालते. मी खुर्चीत बसून ऐकलं होतं, मला कसं कळणार?

"आता बसलं का चालीत?" कौसाबाई म्हणाल्या.

"बसलं."

"मग वाजवा उद्या. पर एक हाय. ज्यानं कापलं त्यानंच म्हणायचं. त्या पोरानं नाय."

"कौसाबाई, मी गात नाही हो. शाळा सोडल्यापासून स्टेजवर तोंड उघडलेलं नाही. आवाज गेलाय माझा. फक्त पेटी वाजवते."

"मंग काय झालं? माजा कधी आला व्हता?" आणि त्यांनी रिकामी हंडी परत माझ्या हातात दिली. "अजून दोन ड्रम राहिलेत."

पाणी गेल्यावर त्यांनी जेवायला बसवलं. भाकरी, लसणाची चटणी आणि येसर आमटी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ, डब्यात भरून ठेवायचं आणि पाण्यात उकळलं की आमटी तयार. कामावरून आलेल्या बाईचं जेवण. तिखट इतकं की रेवाचं नाक टोमॅटो झालं, पण तिनं तीनदा मागून घेतली. दगडूराव या आमटीला का शरण गेले ते मला तिथं कळलं. निघताना रेवानं वही काढून विचारलं, "अल्बमवर तुमचं पूर्ण नाव काय लिहू?"

"कौसाबाई."

"पूर्ण?"

"हेच पुरं. दगडूचं नाव लई येळा झालंय."

शनिवार, शेड

सकाळपासून मुलं जमिनीवर बसून अल्बमच्या प्रत्येक प्रतीवरचं 'पारंपरिक' काळ्या पेनानं खोडत होती आणि वर 'गीत: कौसाबाई' लिहीत होती. रेवाचं अक्षर मोत्यासारखं, चिन्मयचं मांजराचं. इंटरनेटवरचं ईशाननं आदल्याच दिवशी बदललं होतं. मी मात्र शेडच्या मागं, पडक्या भिंतीपाशी, पाण्याची बादली हातात घेऊन येरझाऱ्या घालत कडवं घोकत होते. वॉचमननं दोनदा विचारलं, "काकू, काय हरवलं का?"

ईशान आला आणि माझ्या बाजूला चालायला लागला. मी म्हटलं, "गुरुवारी तू माझ्यासाठी खोटं बोललास. मी गप्प बसायला नको होतं."

"बाई, तुम्ही सातवीत मला बाहेर उभं करायचा ना, तेव्हा मी खिडकीतून तुमचं गाणं ऐकायचो. आज आत बसून ऐकणार." एवढं बोलून पळाला मेला. मला धड रागावताही आलं नाही.

सहा वाजता शेड भरली. पुढं कॉलेजची मुलं जमिनीवर, मागं प्लॅस्टिकच्या खुर्च्या. आणि बरोबर सहाला खलीलभाईंचा टेम्पो दारात लागला. त्यातून कौसाबाई उतरल्या, पांढरी साडी नेसून, आणि त्यांच्यामागं अनिता आणि दहा-बारा म्हाताऱ्या बायका, सगळ्या एकेकाळी याच वसाहतीत कामाला असलेल्या. आत येताच त्यांनी वर पत्र्याकडं, भिंतीवरच्या तेलाच्या डागांकडं बघितलं आणि आपसांत कुजबुजल्या. कॉलेजच्या पोरांनी पटापट उठून त्यांना पुढं जागा करून दिली.

आम्ही तीन गाणी वाजवली. बायका शांतपणे ऐकत होत्या. एकीनं कानात पदराचा बोळा घातला, पण हसून. मग ईशान माइकवर म्हणाला, "पुढचं गाणं कौसाबाईंचं आहे. त्या इथं बसल्यात. यातलं एक कडवं आम्ही कापलं होतं." 'बाईंनी कापलं', असं त्यानं म्हटलं नाही. 'आम्ही', असं म्हणाला. मी माझ्यापुढचा माइक ओढला आणि म्हटलं, "मी कापलं होतं. मी शिक्षिका आहे. माझं चुकलं."

पाच कडवी गेली. पायाशी बटणं घुमत होती, पेटीचे सूर पत्र्याला आपटून परत येत होते. मग ईशाननं हात थांबवला. चिन्मयनं नुसता एक ठोका धरला, पावलांसारखा. मी तोंड उघडलं.

आवाज फाटला. फाटणारच होता. 'उचललं' वर श्वास तुटला, तो मुद्दाम तोडावा लागला नाही. 'कौसा म्हणे' इथं मी कौसाबाईंकडं बघितलं आणि पुढचे शब्द त्यांनाच म्हटले. गाणं संपलं. शेडमध्ये कुणी टाळी वाजवली नाही, सगळ्यांच्या माना कौसाबाईंकडं वळल्या.

कौसाबाई हलल्या नाहीत. एक हात तेवढा वर केला आणि म्हणाल्या, "अजून एकदा म्हणा."

मी पुन्हा म्हटलं. या वेळी जरा नीट.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा त्यांच्या मागच्या बायका मिसळल्या. चौथ्यांदा कॉलेजची पोरं. 'कौसा म्हणे बाई' असं सगळी शेड म्हणायला लागली, खलीलभाई मशीनमागं उभे राहून डोळे पुसत होते, आणि कौसाबाई आपल्या एकेका मैत्रिणीच्या तोंडाकडं वळून बघत होत्या, खरंच म्हणते आहे ना, हे तपासल्यासारख्या. पाचव्यांदा माझा आवाज पार बसला. मी घसा धरून त्यांना विचारलं, "कौसाबाई, आता बास?"

त्या डोळे पुसत हसल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सारा जलम त्यानं 'दगडू म्हणे' म्हणलं, मास्तरीण. तुमी पाचावरच दमला?"

मी पुन्हा भात्याला हात घातला.